पासपोर्ट पोर्तुगालचा, रांग मात्र भारताची

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझा जन्म 1994 चा, म्हापशाचा. आजोबा पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातले, त्यामुळे त्यांची जन्मनोंद लिस्बनला झाली, मग वडिलांची, मग माझी. आता माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. अमेरिकेतली एक कंपनी माझं ग्रीन कार्ड करायला तयार आहे. भारतीयांच्या रांगेतून मी सुटलो ना? आणि ग्रीन कार्डाची लॉटरी (सोडतीने कार्ड देणारी अमेरिकेची योजना) भरू का?
— एक वाचक, म्हापसा

सुटला नाहीत. ग्रीन कार्डाची रांग जन्म कुठे झाला यावर ठरते, पासपोर्टाचा रंग तिथे कोणी पाहत नाही. म्हापशात जन्मलेला माणूस भारताच्याच खात्यात मोडतो. हा फरक लहान नाही. कोणाचा नंबर कुठवर आला हे अमेरिकेचं सरकार दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये सांगतं. ऑक्टोबर 2025 च्या बुलेटिनमध्ये नोकरीच्या दुसऱ्या गटात (ईबी-2) भारताची तारीख 2013 मध्ये अडकलेली होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता, तर बहुतेक इतर देशांची 2023 पर्यंत आली होती. लॉटरीचंही तेच. भारतात जन्मलेल्यांना ती खुली नाही, म्हणून 'पोर्तुगीज पासपोर्टवर लॉटरी भरून देतो' असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

तुमच्यासारख्यांना सहसा वाट एकच, तीही लग्नाची. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल आणि दोघं बरोबर स्थलांतर करणार असाल, तर तिच्या जन्मदेशाची रांग धरता येते. गोव्यात हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. वडील कुवेतला नोकरीला असताना तिथल्याच इस्पितळात जन्मलेली मुलं गावोगावी सापडतात, आणि त्यांचं खातं कुवेतचं. लॉटरीतही हा नियम चालतो.

तुमच्या पासपोर्टाचा खरा फायदा म्हणजे एस्टा, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवासाची पूर्वपरवानगी. 40 डॉलरच्या आसपास फी भरली की व्हिसाशिवाय 90 दिवसांपर्यंत फिरायला किंवा बैठकीला जाता येतं. त्यावर नोकरी करता येत नाही आणि मुदतही वाढत नाही.

प्रश्न : नवरा अमेरिकन नागरिक. डिसेंबरमध्ये फोंड्याला देवळात लग्न झालं, जानेवारीत त्याने आय-130 (बायकोच्या ग्रीन कार्डासाठीचा पहिला अर्ज) भरला. आता लग्नाचा दाखला मागितलाय. माझ्याकडे देवळाची पावती आणि रजिस्ट्रारकडे केलेल्या पहिल्या सहीचा कागद आहे. शिवाय माझ्या जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे.
— एक वाचक, फोंडा

आधी सहीचं बघू, कारण सगळं तिथेच अडलंय. गोव्यात लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. दुसरी सही झाली की कायद्याने लग्न. बाहेरगावचा नवरा सुट्टीत येतो, पहिली सही करतो, मंगळसूत्र घालतो आणि विमान पकडतो. दुसरी सही राहून जाते. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं मात्र लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, एवढंच पाहतं. अर्ज भरला त्या दिवशी दुसरी सही झालेली नसेल तर तो अर्ज टिकत नाही. तेव्हा नवऱ्याला बोलवा, दुसरी सही करा, सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला घ्या आणि आय-130 नव्याने भरा. फी पुन्हा जाईल (ऑनलाइन 625 डॉलर), पण जुना अर्ज ओढत बसण्यापेक्षा ते बरं. पुढे प्रत्येक फॉर्मवर लग्नाची तारीख दाखल्यावरचीच लिहायची. आमंत्रणपत्रिकेवरची देवळातली तारीख लिहिली, की मुलाखतीत दोन तारखांचा खुलासा करत बसावं लागतं.

आता आडनाव. जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचं 'एन-ए-आय-क्यू-यू-ई' आणि पासपोर्टवर 'एन-ए-आय-के', हे तर घरोघरी आहे. प्रभू-पोरोब, कामत-कामोतीं ही तीच गत. डीएस-260 या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो. तिथे जुनं स्पेलिंग जसंच्या तसं भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. मात्र नाव खरोखरच बदललं असेल, नुसतं स्पेलिंग नव्हे, तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. गोव्यात त्यासाठी 1990 चा नाव व आडनाव बदल कायदा आहे, बदल त्यानुसार व्हायला हवा. आईवडिलांचा एखादा दाखला पोर्तुगीजमध्ये असला तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

आय-130 मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे 325 आणि 120 डॉलर अशा दोन फी भरायच्या, नवऱ्याने आय-864 हे आर्थिक हमीपत्र द्यायचं आणि दाखले अपलोड करायचे. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा. दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि उशीर बहुतेकदा त्यानेच होतो, म्हणून त्याला आधी हात घाला. वर्षभर सेंटरशी काहीच संपर्क ठेवला नाही तर फाइल बंद होऊ शकते. मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं पुरी नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751 हा पक्क्या कार्डासाठीचा अर्ज भरायचा असतो.

प्रश्न : आईबाबांकडे ग्रीन कार्ड आहे. बाबांच्या शस्त्रक्रियेमुळे ते चौदा महिने डिचोलीतच आहेत. कार्डाची मुदत 2031 पर्यंत आहे. जाता येईल?
— एक वाचक, डिचोली

कार्डावरची तारीख इथे कामाची नाही. सलग वर्षाहून जास्त बाहेर राहिलं की निव्वळ त्या कार्डावर परत जाता येत नाही, आणि बहुतेकदा विमान कंपनीच चढू देत नाही. मुंबईच्या दूतावासात डीएस-117 हा फॉर्म भरून एसबी-1, म्हणजे परतणाऱ्या कार्डधारकाचा व्हिसा मागावा लागेल. शस्त्रक्रियेची तारीख, डिस्चार्ज कार्ड आणि 'प्रवास करू नये' असं लिहिलेलं डॉक्टरांचं तारीखवार पत्र हाताशी हवं. आजार बाबांचा, मग आई का थांबली, हेही विचारलं जाईल. पुढच्या वेळी मुक्काम लांबणार असं दिसलं तर अमेरिकेत असतानाच आय-131 भरून री-एन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) घ्या. ते दोन वर्षांपर्यंत चालतं. पण त्यांचं मन डिचोलीतच रमत असेल तर आय-407 भरून कार्ड परत करणं आणि पर्यटक व्हिसावर नातवंडांना भेटणं, हा आम्हाला अधिक सरळ मार्ग वाटतो.

प्रश्न : मी तारवटी, क्रूझवर आहे, जहाजाच्या कर्मचाऱ्यांचा सी1/डी व्हिसा. मैत्रीण अमेरिकन नागरिक आहे. मायामीत उतरून लग्न केलं आणि तिथेच राहून कार्डाचा अर्ज केला तर?
— एक वाचक, पेडणे

लग्न करता येईल, तिथे राहून कार्ड मिळणार नाही. पर्यटक म्हणून गेलेल्याला अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यावर जी सवलत मिळते, ती बोटीवरच्या कर्मचाऱ्याला कायद्यानेच नाकारली आहे. उतरण्याची परवानगी जास्तीत जास्त 29 दिवसांची. त्यापुढे 180 दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं परत येण्याची बंदी. लग्न करा, कॉन्ट्रॅक्ट पुरं करून घरी या, आणि बायकोला आय-130 भरू द्या. नागरिकाच्या जोडीदाराला रांग नसते, फक्त कागद फिरायला लागेल तेवढाच वेळ.