वाचकांचे प्रश्न : उंच, लांब आणि निर्जन वाटांविषयी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे शिखरांविषयी नसून लांब पल्ल्याच्या वाटांविषयी आहेत. जिथे मागचे गाव दोन दिवसांवर आणि पुढचा रस्ता चार दिवसांवर असतो, अशा वाटांविषयी. एकाच विषयावरील पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, वय चाळीस ते पन्नास, स्पितीतील किब्बर गावाहून परांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधील त्सो मोरिरी सरोवरापर्यंत चालत जाण्याचे ठरवीत आहोत. आयोजकाच्या आराखड्यात मनालीहून गाडीने किब्बरला पोहोचून तिथे एकच दिवस थांबायचे आणि लगेच चालायला लागायचे, असे आहे. आम्ही सगळे नियमित धावतो. एक दिवस पुरेल का? आमच्यातील एकाचे मागच्या वर्षी चार हजार मीटरवर डोके फार दुखले होते.

उत्तर : एक दिवस पुरणार नाही, आणि धावण्याच्या सवयीचा या बाबतीत भरवसा धरू नये. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे आणि किब्बर चार हजारांच्या वर. म्हणजे शरीराला काही कळण्याच्या आत गाडीने तुम्हाला दोन हजार मीटर वर नेऊन ठेवलेले असते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. परांग ला याहून थोडी उंचच आहे. शरीर याला पहिला प्रतिसाद श्वास वाढवून देते. त्यामुळे रक्ताच्या आम्लतेत पडणारा फरक भरून काढायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, आणि तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे. या वेळापत्रकाचा स्नायूंच्या ताकदीशी संबंध नाही. उलट दमसास चांगला असलेला माणूस झपाझप चढतो, मुक्कामावर सर्वांत आधी पोहोचतो आणि संध्याकाळी सर्वांत आधी आडवा होतो, असे पुष्कळदा घडते.

सर्वमान्य नियम असा आहे की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच असू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. मोजायची ती झोपण्याची उंची. दिवसा त्याहून वर चढून खाली येण्याने काही बिघडत नाही. म्हणून मला तुमच्यासाठी शिमला-किन्नौरचा रस्ता अधिक योग्य वाटतो. कल्पा, ताबो, काझा असे मुक्काम करीत गेल्यास किब्बरला पोहोचेपर्यंत चार-पाच रात्री टप्प्याटप्प्याने वाढत्या उंचीवर झालेल्या असतात. त्यानंतर किब्बरला दोन रात्री राहून, मधल्या दिवशी आसपासच्या उतारांवर चढून परत यावे.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. हे सर्वांना पाठ असते. प्रत्यक्षात काही वाटांवर उतरायला जागाच नसते. परांग ला ओलांडून तुम्ही पलीकडच्या हिमनदीवरून खाली आलात, की पारे चू नदीचे रुंद, सपाट खोरे लागते आणि पुढचे कित्येक दिवस वाट साडेचार हजार मीटरच्या आसपासच राहते. सरोवरही त्याच उंचीवर आहे. तिथे कोणी गंभीर आजारी पडला, तर मागे फिरायला साडेपाच हजारांची खिंड चढावी लागते आणि पुढे जायला अनेक दिवसांची चाल असते. म्हणून नकाशा समोर घेऊन प्रत्येक मुक्कामासाठी आधीच लिहून काढा : येथून हजार मीटर खाली जायचे झाल्यास कोणत्या दिशेने जायचे आणि किती तासांत पोहोचता येईल? ज्या मुक्कामांपुढे याचे उत्तर लिहिता येत नाही, त्यांच्या आधीच्या मुक्कामावर प्रत्येकाची प्रकृती पाहूनच पुढे जायचे की नाही ते ठरवा. या वाटेवर तो निर्णय खिंडीखालच्या शेवटच्या तळावर घ्यावा लागतो, माथ्यावर पोहोचल्यावर नव्हे.

त्या तळावर संध्याकाळी काय पाहायचे, तेही सांगतो. नुसती डोकेदुखी असेल आणि जेवण, पाणी व साध्या वेदनाशामक गोळीने ती गेली, तर काळजीचे कारण नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, भोवळ किंवा विलक्षण थकवा असेल, तर दुसऱ्या दिवशी वर जायचे नाही. मग सपाट जागी जमिनीवर एक दोरी सरळ अंथरा आणि त्या माणसाला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवीत तिच्यावरून चालायला सांगा. निरोगी माणूस पाच हजार मीटरवरही हे करू शकतो. ज्याचा तोल वारंवार जातो, किंवा जो सोप्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अडखळतो, त्याच्या मेंदूला सूज येत असल्याचे समजून त्याला त्याच रात्री, सोबत देऊन, खाली न्यावे लागते. बसल्या जागीही धाप लागत असेल आणि कोरडा खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची ती खूण आहे. तेव्हाही सकाळची वाट पाहत बसू नये.

ज्या मित्राला पूर्वी त्रास झाला आहे, त्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे. त्याने आपल्या डॉक्टरांशी अ‍ॅसिटाझोलामाइड या औषधाविषयी अवश्य बोलावे. प्रौढांना प्रतिबंधासाठी ते साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा असे देतात आणि चढायला लागण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधी सांगणे आवश्यक आहे. हे औषध आजाराची लक्षणे झाकते, हा समज चुकीचा आहे. ते श्वास वाढवून जुळवून घेण्याची क्रिया लवकर घडवते. मात्र आराखड्यातील चुकलेले दिवस ते भरून काढत नाही.

प्रश्न : सोळा दिवसांच्या वाटेवर कुठेही शिधा मिळणार नाही. सगळे सामान स्वतः वाहून नेणे शक्य आहे का? अन्नाचा हिशेब कसा करावा?

उत्तर : माणशी दररोज सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरावा. दर शंभर ग्रॅममागे सुमारे साडेचारशे कॅलरी मिळतील असे पदार्थ निवडले, तर त्यातून तीन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ आणि पिष्टमय पदार्थातून चार कॅलरी मिळतात; म्हणून वजन वाचवायला सुकामेवा, दाणे, तूप यांचे प्रमाण वाढवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चार हजार मीटरच्या खाली उपयोगी आहे. त्याच्या वर भूक मंदावते आणि स्निग्ध अन्न नकोसे होते, तेव्हा सर्वांत उंच दिवसांसाठी गोड आणि पिष्टमय पदार्थ वेगळे राखून ठेवावेत. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. डाळी आणि कडधान्ये नुसत्या पातेल्यात शिजत नाहीत आणि इंधन मात्र संपते. प्रेशर कुकर न्यावा, नाहीतर आधी शिजवून वाळवलेले अन्न न्यावे. जिथे पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागणार आहे, त्या मुक्कामांचे इंधन निराळे मोजावे.

या हिशेबाने सोळा दिवसांचा शिधाच दहा-अकरा किलो होतो. त्यावर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, इंधन आणि कपडे. एवढे ओझे घेऊन पाच हजारांच्या खिंडी ओलांडणे सरावलेल्या माणसालाही झेपेलच असे नाही, आणि थकलेल्या माणसाला उंचीच्या आजाराची लक्षणे ओळखणेही जड जाते. दहा दिवसांपलीकडच्या वाटेसाठी माझा सल्ला खेचरे किंवा पोर्टर घेण्याचा आहे. पोर्टर घेतल्यास त्यांचे उबदार कपडे, बूट, निवारा आणि विमा ही तुमची जबाबदारी असते. आपल्या बरोबरीने खिंड चढणाऱ्या माणसाच्या पायांत साधे रबरी बूट असतील, तर आपला आराखडा अपुरा आहे, असे मी मानतो.

सोळा दिवसांसाठी सोळा दिवसांचा शिधा नेणे ही या वाटांवर नेहमी आढळणारी आणि धोक्याची काटकसर आहे. किमान तीन दिवसांचे अन्न आणि इंधन वेगळ्या पिशवीत बांधून, तिला हात न लावण्याचे सर्वांनी आधीच ठरवावे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळमधील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात प्रचंड हिमवर्षाव केला. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत भरवशाचा महिना समजला जातो. तंबूत दोन दिवस बसून राहता येईल इतके अन्न जवळ असले, तर ‘आज खिंड ओलांडलीच पाहिजे’ हा दबावच नाहीसा होतो.

प्रश्न : पल्स ऑक्सिमीटर बरोबर ठेवावा का? किती आकडा आल्यावर परत फिरावे?

उत्तर : ठेवायला हरकत नाही, पण परत फिरण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. उंचीवर सर्वांचेच आकडे उतरतात, गार बोटांवर ते चुकीचे येतात, आणि चांगला आकडा असलेला माणूसही आजारी असू शकतो. एखाद्याचा आकडा त्याच तंबूतील इतरांपेक्षा फारच खाली असेल, तर त्याच्याकडे अधिक लक्ष द्या. एरवी माणसाकडे पाहा, त्याच्याशी बोला आणि दोरीवरून चालवा. झोपेत काही क्षण श्वास थांबून पुन्हा जोरात सुरू होणे मात्र या उंचीवर सर्वसामान्य आहे. केवळ त्यावरून घाबरू नये.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये लडाख किंवा नेपाळमधील डोल्पोसारख्या भागात जायचे आहे. तिथे पाऊस कमी असतो, असे वाचले आहे. मग नद्यांची भीती बाळगण्याचे कारण आहे का?

उत्तर : आहे, आणि तेही पुरेपूर. हे प्रदेश मुख्य हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे मोसमी पावसाचा जोर तिथे ओसरतो आणि म्हणूनच ते महिने चालायला योग्य ठरतात. पण तिथल्या नद्यांना पाणी पुरवते ते ऊन. दुपारभर वितळलेले हिम काही तासांनी खोऱ्यात पोहोचते. सकाळी सहाला गुडघ्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी पाचला कमरेपर्यंत येतो, त्याचा रंग राखाडी होतो आणि तळाशी धोंडे गडगडत असल्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज आला की पाण्यात उतरू नये. मुक्काम ओढ्याच्या अलीकडे करावा आणि पहाटे पार व्हावे.

उतरताना जागा निवडावी ती पात्र रुंद होऊन अनेक फाट्यांत विभागलेले असेल तिथली; अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. अनवाणी उतरू नये, कारण गोठलेल्या पायाला दगडाची धार लागलेली समजतच नाही. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक झटकन टाकून देता येते. तोंड पाणी ज्या बाजूने येते त्या वरच्या बाजूला करून काठी पुढे रोवावी, एका वेळी एकच पाऊल किंवा काठी हलवावी, आणि तीन-चार जणांनी एकमेकांना घट्ट धरून एकत्र पार व्हावे. दोर बांधून एकेकट्याने उतरण्याची पद्धत अननुभवी हातांत अधिक धोक्याची आहे. पाय सुटलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून धरतो.

येथेही परतीचा विचार आधी करावा. सकाळी सहज ओलांडलेले तीन ओढे दुपारी मागे फिरणाऱ्याला अडवून धरतात. म्हणजे मागची वाट त्या दिवसापुरती बंद झालेली असते, आणि पुढे काही बिघडल्यास दुसऱ्या पहाटेपर्यंत आहे तिथेच थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर झांस्करच्या भागात तीन आठवडे चालायला जाणार आहे. वाटेत बरेच दिवस फोन लागणार नाही. उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र परदेशातून मागवून त्याच्याजवळ द्यावे, असे मनात आहे. आणखी मी काय करू शकते?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण ते यंत्र कृपया मागवू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र बाळगणे बेकायदा आहे, आणि सीमेलगतच्या भागात ते सापडल्यास अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. आयोजकाकडे परवानाधारक फोन उपलब्ध होऊ शकतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

त्याखेरीज मुलाकडून एक कागद मागून घ्या. त्यावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे नाव व उंची, बरोबरच्या सर्वांची नावे, रक्तगट आणि घरचे दूरध्वनी, स्थानिक वाटाड्याचे नाव, विम्याचा क्रमांक आणि त्या विम्यात किती मीटरपर्यंतची सुटका व हेलिकॉप्टरचा खर्च धरलेला आहे, हे सगळे असावे. अनेक विमा योजनांत उंचीची मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरांत छापलेली असते, म्हणून ते वाक्य मुलाने स्वतः वाचून कागदावर उतरवलेले असावे. ज्या गावांतून फोन लागण्याची शक्यता आहे, त्यांच्यापुढे अपेक्षित तारीख लिहून घ्या.

सर्वांत शेवटी दोन तारखा ठरवा. एक, तो परतणे अपेक्षित असलेली. दुसरी, राखीव दिवस धरून त्यानंतर चार-पाच दिवसांची, जिच्या संध्याकाळपर्यंत काहीच न कळल्यास तुम्ही आयोजकाला आणि त्या जिल्ह्याच्या प्रशासनाला कळवाल. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत फोन आला नाही, तर बहुधा कुठे तरी नदीचे पाणी उतरण्याची किंवा हिमवर्षाव थांबण्याची वाट पाहत ते थांबलेले असतील, आणि तसे थांबता यावे म्हणूनच ते दिवस राखलेले आहेत, हे त्याने जाण्यापूर्वी तुम्हाला समजावून सांगायला हवे. कागदाची एक प्रत तुमच्याजवळ, एक आयोजकाजवळ आणि एक चालायला सुरुवात होते त्या गावात राहू द्या.