यादी वाचण्याआधी

प्रिय,

२० नोव्हेंबरला, ट्रान्सजेंडर स्मृतिदिनाच्या सभेत, गेलेल्या ट्रान्स व्यक्तींच्या (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्यांच्या) नावांची यादी तू वाचणार आहेस, हे कळलं. भाषणात काय बोलावं, असं विचारलंस. भाषणाचं नंतर बघू, आधी यादीकडे लक्ष दे.

हा स्मृतिदिन सुरू झाला तोच विसरण्याच्या रागातून. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी बॉस्टनमध्ये रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीवर तिच्याच घरात चाकूचे वार झाले. पस्तिशीला दोन दिवस उरले होते. वर्तमानपत्रांनी तिला पुरुष ठरवून बातम्या दिल्या, 'रिटा' हे नाव अवतरणचिन्हांत टाकलं. तीनच वर्षांपूर्वी तिथून जवळच चॅनेल पिकेट ही ट्रान्स स्त्री मारली गेली होती. ट्रान्स कार्यकर्त्या ग्वेन्डोलिन ॲन स्मिथ यांनी चॅनेलचा विषय काढला, तर लोकांना ती कोण हेही आठवेना. त्यांनी १९९९ मध्ये हा दिवस पाळायला सुरुवात केली. रिटाचा खुनी आजवर सापडलेला नाही.

म्हणून पोलिसांच्या कागदावरचं किंवा बातमीतलं नाव तसंच उचलू नकोस. जवळच्या माणसांना विचार. जन्माचं कुटुंब नेहमीच जवळचं असतं असं नाही, मित्रमैत्रिणींनाही विचार. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणाऱ्या, व्यक्तीबद्दल बोलताना मराठीत क्रियापदापाशी अडतं, 'गेला' की 'गेली'? ती व्यक्ती स्वतःबद्दल जसं बोलायची, तसंच तू बोल. जिवंत जोडीदाराचं नाव मात्र परवानगीशिवाय उच्चारू नकोस.

मरण कसं आलं याचं वर्णन करू नकोस. आत्महत्येबद्दल तर अजिबात तपशील नको. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण तीच भीती घेऊन रोज घराबाहेर पडतात. त्यापेक्षा त्या माणसाला काय आवडायचं, कोणतं काम हातचं होतं, याचं एक वाक्य मिळव. मिळालं नाही तर नुसतं नाव पुरे, पण सावकाश घे.

ट्रान्स व्यक्तींच्या खुनांच्या जगभरच्या नोंदींत सर्वाधिक खून ट्रान्स स्त्रियांचे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी देहविक्रय करणाऱ्या. सभेला त्या येतीलच असं नाही. त्यांच्यापर्यंत आपण जायचं. तक्रार द्यायला सोबत कोण जाईल, दवाखान्यात कोण थांबेल, घरातून बाहेर काढलेल्या मुलाला रात्री आसरा कोण देईल, हे त्याच संध्याकाळी नावानिशी ठरवून घ्या. पहिल्या रात्रीसाठी माझं घर लिहून ठेव.

तुझी,
ताई