काळी बुरशी : काकांची गोळी आईला चालेल का?

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह असून काळ्या बुरशीमुळे नागपूरला तिच्या वरच्या जबड्याचे ऑपरेशन झाले. आधी अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाची लायपोसोमल इंजेक्शने दिली. पैसे संपल्यावर साधे अँफोटेरिसिन दिले, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढले. आता पोसाकोनाझोलच्या गोळ्या सुरू आहेत. गावातील एका काकांची फुफ्फुसातील बुरशी व्होरिकोनाझोलने बरी झाली, ते स्वस्त पडते म्हणतात. आईला चालेल का? तिला गिळता येत नसल्याने आम्ही गोळी कुटून वरणात कालवतो.
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : व्होरिकोनाझोल आईला मुळीच देऊ नका. काकांना बहुधा ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा संसर्ग झाला असावा. तिच्यावर ते खरोखरच प्रभावी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनाझोल घेणारे ७१ टक्के, तर साधे अँफोटेरिसिन घेणारे ५८ टक्के रुग्ण हयात होते. आईचा आजार मात्र म्युकर गटातील बुरशीचा असून तिच्यावर व्होरिकोनाझोल चालत नाही, मग ते फुकट मिळाले तरी.

तुमची दोन्ही इंजेक्शने मुळात एकाच औषधाची. लायपोसोमलमध्ये ते स्निग्ध आवरणात असल्याने मूत्रपिंडाला कमी इजा होते आणि वजनाच्या दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम देता येते, तर साधे १ ते १.५ मिलिग्रॅमच्या पुढे सहसा नेत नाहीत. पन्नास किलोच्या रुग्णाला ५ च्या हिशेबाने रोज ५० मिलिग्रॅमच्या पाच कुप्या लागतात. खर्च तिथेच वाढतो. साध्या औषधाने पोटॅशियमही उतरते, म्हणून क्रिएटिनिनसोबत तेही तपासून घ्यावे.

पोसाकोनाझोल ही इंजेक्शनांनंतरची योग्य पायरी आहे. खरी काळजी मला वरणाची वाटते. ही गोळी अशी बनवलेली असते, की औषध आतड्यात पोहोचेपर्यंत विरघळू नये; कुटल्यावर किती औषध रक्तात उतरेल याचा भरवसा राहत नाही आणि एवढी महाग गोळी वाया जाऊ शकते. तिचे पातळ औषधही मिळते, परंतु त्याचा डोस वेगळा असतो आणि ते भरपेट जेवणासोबत घ्यावे लागते, त्यामुळे परस्पर बदल करू नका. आईला कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या दोन औषधांच्या संयोगाने स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. नागपूरच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता, गोळी कुटून दिली जाते हे आजच फोनवर कळवा.