पुट्टी आणि जिप्समच्या धुळीसाठी कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

आपण विचारले आहे की, फ्लॅटचे रंगकाम आणि जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग व पार्टिशन अशी कामे घेताना साफसफाईसाठी किती वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा आणि घरात वापरतो तोच साइटवर चालेल का. मी पुण्यात हीच कामे पंधरा वर्षे करतो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की वॅट सर्वांत शेवटी पाहावेत. आधी यंत्राची पिशवी आणि फिल्टर पाहावा, कारण आपल्या कामातला खरा प्रश्न धूळ ओढण्याचा नसून ओढलेली धूळ आत धरून ठेवण्याचा आहे.

वॉल पुट्टीत पांढरे सिमेंट आणि संगमरवर किंवा डोलोमाइटची अतिशय बारीक भुकटी असते. घासल्यावर ती मैद्यासारखी उडते, आणि तिचा जो भाग सर्वांत बारीक असतो तो डोळ्यांना दिसतही नाही. साध्या कापडी किंवा स्पंजच्या फिल्टरमधून नेमका हाच भाग आरपार जातो आणि यंत्राच्या मागच्या बाजूने पुन्हा खोलीत पसरतो. फरशी स्वच्छ दिसते, पण दोन तासांनी खिडकीच्या चौकटीवर पांढरा थर बसलेला सापडतो.

घरगुती यंत्राबद्दलचा माझा अनुभव वाईट आहे. सुरुवातीच्या काळात मी घरचाच क्लीनर साइटवर नेला होता आणि तिसऱ्या खोलीतच त्याची मोटर जळाली. कारण नंतर समजले. अशा बहुतेक यंत्रांत ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. पुट्टीने फिल्टर चोंदला की हवा कमी होते, मोटर तापते, आणि जी भुकटी फिल्टरमधून सुटते ती बेअरिंगमध्ये जाऊन बसते. कामाच्या जागेसाठी बनवलेल्या ‘वेट अँड ड्राय’ यंत्रांत मोटर थंड करणारी हवा सहसा वेगळ्या मार्गाने येते. म्हणून दुकानदाराला ‘मोटर बायपास पद्धतीची आहे का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

फिल्टरच्या बाबतीत युरोपीय मानकातले एल, एम आणि एच हे वर्ग उपयोगी पडतात. एल वर्गाच्या यंत्रातून जास्तीत जास्त १ टक्का, एम वर्गातून ०.१ टक्का आणि एच वर्गातून ०.००५ टक्के धूळ बाहेर पडू शकते. दिवसाअखेरीस खोली झाडून काढावी तेवढ्याच कामासाठी यंत्र हवे असेल, तर एल वर्गाचे यंत्र, त्यात फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) पिशवी आणि घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर एवढ्याने काम भागते. सँडरला (भिंत घासण्याच्या विजेच्या हत्याराला) यंत्र जोडून रोज भिंती घासायच्या असतील, किंवा वायरिंगसाठी विटांच्या भिंतीत झिऱ्या मारायच्या असतील, तर एम वर्गाच्या खाली जाऊ नये. विटा आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांचे कायमचे नुकसान करते. खोक्यावर ‘हेपा टाइप’ असे छापलेले असेल तर त्यावर विसंबू नका. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि तसा स्पष्ट आकडा दिलेला असतो.

पिशवीचा खर्च अनेकांना नकोसा वाटतो. पण पिशवीविना वापरलेल्या यंत्राचा कार्ट्रिज पुट्टीने अर्ध्या तासात चोंदतो, कारागीर तो भिंतीवर आपटून साफ करतो, घड्या फाटतात आणि नवा फिल्टर कितीतरी पिशव्यांच्या किमतीला पडतो. काम मोठे असल्यास नळीच्या मध्ये सायक्लोनची (हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारी) बादली बसवावी. बरीचशी धूळ तिथेच खाली बसते आणि पिशवी पुष्कळ जास्त दिवस टिकते.

शक्य असल्यास सँडरच यंत्राला जोडून घासावे, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने ड्रायवॉलचे (म्हणजे जिप्सम बोर्डाचे) सांधे घासण्याच्या अशा जोडणीची तपासणी केली, तेव्हा धुळीचा संपर्क ८० ते ९७ टक्के कमी झाल्याचे आढळले. मास्क तरीही सोडायचा नाही. यंत्रावर सँडरसाठी स्वयंचलित सॉकेट (सँडर सुरू केला की यंत्रही आपोआप सुरू करणारे) असेल तर उत्तम, पण विजेचा हिशेब करावा: १२०० वॅटचे यंत्र आणि ७०० वॅटचा सँडर मिळून १९०० वॅट होतात, तर ६ अँपियरचे सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट पेलते. म्हणजे १६ अँपियरचे सॉकेट हवे आणि अर्थिंग खरोखर जोडलेले हवे, कारण कोरडी भुकटी प्लास्टिकच्या नळीतून वाहताना स्थिर वीज साठते आणि कारागिराला झटके बसतात. नळीचा व्यास सँडरच्या तोंडाला जुळतो का, हेही दुकानातच पाहावे.

ब्रशचे तोंड मात्र नक्की घ्यावे. घासलेल्या भिंतीवरची भुकटी प्रायमरआधी ओढून घेतली नाही, तर रंग भिंतीला धरण्याऐवजी भुकटीला धरतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे या कामाला झाडू किंवा ब्लोअर वापरण्याची सवय आहे. त्याने धूळ भिंतीवरून निघून कारागिराच्या छातीत जाते, एवढेच होते.

काही गोष्टी या यंत्राने ओढूच नयेत. थिनर, टर्पेंटाइन किंवा त्यांची सांडलेली ओल ओढल्यास मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. पाणी ओढायचे असल्यास पिशवी आणि कार्ट्रिज काढून स्पंजचा फिल्टर बसवावा, आणि त्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी. पीओपीची न भिजलेली पूड आत राहिली तर ती पाण्याने तिथेच घट्ट होते. जुन्या वाड्यांचे किंवा चाळींचे रंग खरवडताना विशेष जपावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. तिथे कोरडे घासू नये, भिंत ओली करून खरवडावी आणि एच वर्गाचेच यंत्र वापरावे.

घेण्यापूर्वी एक चाचणी करून पाहावी. आपल्याच साइटवरची पुट्टीची भुकटी अर्धा किलो बरोबर न्यावी, दुकानदाराला विचारून ती पिशवी बसवलेल्या यंत्राने ओढावी, दिवे बंद करावेत आणि हवा बाहेर पडते त्या जागी बॅटरीचा झोत आडवा धरावा. झोतात पांढरे कण तरंगताना दिसले, तर वॅट कितीही असोत, ते यंत्र घेऊ नये.