आराखड्यात पगार कुठे आहे?

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

दक्षिण सुदानच्या राजधानीतली, जूबाची नोकरी पक्की झाल्याचं ताईनं काल फोनवर सांगितलं. तू पाठवलेला तिथल्या कामाचा आराखडाही वाचला. 'क्षमताबांधणी' अकरा वेळा आलीय, पगार एकदाही नाही. आता इंदुरात जन्मभर ट्रेझरीची बिलं तपासलेला माणूस मी, माझी नजर तिथंच जाणार.

नवा होतो तेव्हा एका दुष्काळी कामाचं मस्टर समोर आलं. बेचाळीस मजूर, बेचाळीस अंगठे. भिंग धरलं तर प्रत्येक ठशात डाव्या अंगाला तीच आडवी चीर. साहेब म्हणाले, "बेरीज जुळतेय ना? पास करा." केलं मी पास. अजून खुपतं.

तुझ्या शेजारच्या युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठीच्या दरडोई अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग कुठं किती पैसे पाठवले ते सरकार वर्तमानपत्रांत छापू लागलं, शाळांच्या भिंतींवर लावू लागलं. गळती पुष्कळ घटली. नुसत्या छापण्यानं हे झालं नाही म्हणणारेही आहेत, आणि ते मला पटतं. पण पालकाला आकडा ठाऊक असला की हेडमास्तरला तोंड चुकवता येत नाही.

तुझ्याकडं मात्र हिशेबाच्या आधी बंदूक येते. देश झाला २०११ ला, २०१३ च्या डिसेंबरात आपसांतच जुंपली. सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचं, म्हणजे भांडण तिजोरीच्या किल्लीचं. इथं मला अहिल्याबाई आठवतात. डोंगरातले भिल्ल वाटा लुटत. बाईंनी आधी जरब बसवली, मग येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाची पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. पण वाट सुरक्षित ठेवायची आणि चोरीचा माल शोधून द्यायचा, हेही त्यांच्याच गळ्यात घातलं. सेनापतींना मंत्रिपदं वाटणारे तह पहिला अर्धा भाग तेवढा उचलतात.

तिथं सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने थकतात. पोचलीस की बैठकांआधी एखाद्या शाळामास्तरांना गाठ. शेवटचा पगार कधी झाला, कुणाच्या हातून आला, वाटेत किती कापला गेला, एवढं विचार आणि मला लिही.

जीरावन मसाल्याची पुडी बॅगेत वरच ठेव, विमानतळावर उघडायला लावतात.

तुझा मामा