पांढरे कण कोंड्याचे की लिखा? औषध लावूनही उवा परत का होतात?

माझी लेक दुसरीत असताना मी महिनाभर कोंडा समजून तिच्या डोक्याला लिंबू चोळत होते. तुमच्या मुलीच्या केसांतले पांढरे कण लिखा असतील, अशी तुम्ही निदान शंका तरी घेतलीत!

एक कण दोन नखांत धरून केसावरून ओढून बघा. कोंडा लगेच निघतो. लीख केसाला डकवलेली असते, खरवडून काढावी लागते. कानांमागे आणि मानेवर, केसांच्या मुळाशी, उन्हात बसवून बघा. मुळापासून 1 सेंटीमीटरच्या पुढे गेलेल्या लिखा बहुतेक रिकाम्या असतात. लीख 8-9 दिवसांत फुटते आणि केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, त्यावरून हिशेब लागतो.

परत होण्याचं कारणही यातच आहे. परमेथ्रिनचं औषध उवा मारतं, लिखा नाही. मी एकदाच लावून सुटले म्हणाले आणि दहाव्या दिवशी लेक पुन्हा खाजवायला लागली. नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचंच. औषधाआधी कंडिशनर नको, त्याने असर कमी होतो.

खरं काम मात्र फणीचं. दाते फाकणारी प्लॅस्टिकची नको, स्टीलची घ्या. औषधाचा दिवस सोडून एरवी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरायची आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्याला पुसायची. दर तीन दिवसांनी, दोन आठवडे. लांब केसांना तासभर जातो. आम्ही कार्टून लावून बसायचो.

सासूबाई सीताफळाच्या बिया वाटायला निघाल्या होत्या. ते अजिबात करू नका. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. रॉकेलही नको.

घरभर धुणं काढू नका. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात धुतले, कंगवे उकळत्या पाण्यात बुडवले की पुरे. त्यापेक्षा मुलीच्या शेजारी कोण झोपतं ते बघा. आमच्याकडे तिसऱ्यांदा उवा झाल्या तेव्हा मी भीतभीत सासूबाईंचा अंबाडा सोडायला लावला. नात रोज त्यांच्याच कुशीत झोपायची. दोघींना एकाच दिवशी औषध लावलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.