वर्ग घे, पण आधी साइटवर जा

प्रिय,

कंपनीनं प्रशिक्षणाचं काम तुझ्याकडे सोपवलं, याचा मनापासून आनंद झाला. वर्षाला किती वर्ग घ्यावेत असं विचारलंयस. वर्ग जरूर घे, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस. बांधकाम कंपनीची वळणं साइटवर पडतात, आणि कुणी वाईट बातमी आणली की तिथला साहेब काय करतो, यावर ती ठरतात.

समज, उद्या सकाळी स्लॅब भरायचा आहे, काँक्रीटच्या गाड्या सांगून झाल्यात. संध्याकाळी सळई बांधणारा एक फिटर सांगतो की बीमच्या तळाला कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) कमी पडलेत, सळई शटरिंगला, म्हणजे साच्याला, टेकलीय. इंजिनिअर "आत्ता सांगतोस?" म्हणून खेकसला, तर तो फिटर पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही नाहीत. सळईवर काँक्रीटचं पुरेसं कव्हर नसलं की ओल आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. हे दिसायला वर्षं जातात. तोवर ती टोळी, तो इंजिनिअर, सगळे पांगलेले असतात. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायच्या नमुना ठोकळ्याचा, 28 दिवसांचा निकाल हातात येईपर्यंतसुद्धा बऱ्याचदा वरचा मजला चढलेला असतो. म्हणून त्या फिटरचं त्या संध्याकाळी बोलणं लाखमोलाचं. भरणी दोन तास पुढे ढकलायचा अधिकार साइटवरच्या माणसाला आहे का, हे वरिष्ठांकडून आधी स्पष्ट करून घे. नसेल, तर तुझे वर्ग वाया जातील.

बांधकाम व्यवस्थापनाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांना 1990 च्या दशकात असं आढळलं, की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मीच ठरल्याप्रमाणे पुरी होतात. त्यांच्या 'लास्ट प्लॅनर' पद्धतीत प्रत्यक्ष काम करून घेणारा फोरमनच आठवड्याचा शब्द देतो, आणि काम राहिलं तर कारण नोंदवलं जातं: ड्रॉइंग आलं नाही, माल पोचला नाही, आधीच्या टोळीनं जागा मोकळी केली नाही. मला ही कारणांची वही फार महत्त्वाची वाटते. मात्र पूर्ततेचा टक्का कुणाला झापायला वापरलास, की लोक सोपी कामंच कबूल करतील.

चुकांमधून शिकायला प्रकल्प संपल्यावरच्या आढावा बैठकीची वाट पाहू नकोस, तेव्हा निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर गेलेली असतात.

पहिला महिना वेळापत्रक आखू नकोस. साइटच्या आठवडी बैठकीला बस. कोण बोलतं, कोण गप्प राहतं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं, ते टिपून मला कळव. वर्ग कुणासाठी आणि कशाचे, ते त्यावरून ठरवू.

तुझा,
जुना सहकारी